गोगलगाय, पोटात पाय आणि माझा घेवडा

बाईला चार दिवस घराबाहेर पडायचं म्हटलं की आधी काय काय उरकून ठेवावं लागतं, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. दळण आणून ठेवा, चटणी कांडून ठेवा, सासूबाईंच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावा, गॅसचा नंबर लावा, दूधवाल्याला सांगा. माझ्या यादीत या सगळ्याच्या खाली आणखी एक ओळ असते. ‘गोगलगायी.’

वाचून हसलात ना? आमचे हेही हसले होते. पण ज्या बाईच्या परड्यात चार वेल आणि दोन वाफे आहेत आणि जिला ऐन पावसाळ्यात गाव सोडून जायची वेळ आली आहे, ती हसणार नाही.

आमची हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरोघरी पैंजण, तोरड्या, जोडवी. सोप्यात बसून बायका कड्या जोडतात, घुंगरं लावतात आणि मजुरीचा हिशेब वहीत मांडतात. गावाबाहेर पडलं की चारी बाजूंनी ऊस. या दोन्हींच्या मध्ये आमच्यासारख्यांची परडी. माझं परडं काही मोठं नाही. दोन लुगडी वाळत घातली तर भरून जाईल एवढंच. पण मेथी, कोथिंबीर, वांगी, दोडका यांसाठी मला बाजारात जावं लागत नाही. आणि कुंपणावर माझ्या आईचा घेवडा.

हा घेवडा कुठल्या दुकानात पुडीत मिळत नाही. आईनं तो तिच्या आईकडून आणलेला. जांभळ्या कडेची रुंद शेंग, आत टपोरा दाणा. दर वर्षी पहिल्या बहराच्या चांगल्या शेंगा वेलावरच वाळवायच्या, दाणे राखेत घोळायचे आणि मडक्यात ठेवायचे. आई गेली तेव्हा तिच्या पाटल्या वहिनीकडे गेल्या आणि मडकं माझ्याकडे आलं. वाटणीत मला काहीच कमी पडलं नाही, असंच मला आजही वाटतं.

२०२२ च्या जुलैमध्ये भावाचं ऑपरेशन निघालं आणि मी बारा दिवस मिरजेला होते. जाताना घेवडा वीतभर झालेला. मडक्यातलं झाडून सगळं बी मी त्या वर्षी टोकलं होतं. शहाणपणा दुसरं काय! दवाखान्यात बसल्या बसल्या पेपर वाचायचे. त्या वर्षी लातूर, धाराशिव, बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची उगवण खाऊन टाकली होती. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली होती. मी वाचलं, ‘अरेरे’ म्हटलं आणि पान उलटलं.

घरी आले, पिशवी सोप्यात टाकली आणि थेट परड्यात गेले. घेवड्याच्या जागी काडीसुद्धा नव्हती. वांग्याच्या रोपांचे नुसते दांडे. मेथीचा वाफा एखाद्यानं वस्तऱ्यानं भादरावा तसा. आणि मातीवरून, दगडावरून, भिंतीवरून चकचकीत पट्टे गेलेले. आमच्या गावात चांदीच्या चकाकीला कुणी नावं ठेवत नाही, पण ती चकाकी बघून मी मटकन खाली बसले.

आत्ती दारात उभ्या होत्या. त्यांना मोतीबिंदूमुळं धड दिसत नाही. म्हणाल्या, “अगं, मी रोज सकाळी बघत हुतो की! काय बी नव्हतं.” त्यांचंही खरंच होतं. सकाळी काही नसतंच. हा चोर रात्री येतो.

त्या संतापात मी जे केलं ते तुम्ही करू नका. कुणीतरी म्हणालं मीठ टाका, म्हणून किलोभर खडेमीठ मी वाफ्यात फेकलं. गोगलगायी मेल्या थोड्या, पण पुढं पावसानं ते मीठ मातीत उतरलं आणि त्या वाफ्यात पुढच्या हंगामापर्यंत काही धड उगवेना. मीठ बादलीतल्या पाण्यात घालायचं असतं, मातीत नाही. एवढं कळायला मला एक वाफा गमवावा लागला.

मग मात्र मी या प्राण्याची माहिती काढायचीच असं ठरवलं. पोटात पाय म्हणतात ते अगदी अक्षरशः खरं आहे. तिचं सगळं पोट म्हणजेच पाय. त्यातून चिकट स्राव सोडत ती त्यावरून घसरत जाते. तोंडात कानशीसारखी खरखरीत जीभ असते, त्यानं पान किसून खाते. परड्यात दोन तऱ्हा दिसतात. एक शंखाची, ती मोठी, तळहात भरेल एवढीही होते. दुसरी बिनशंखाची, काळपट, बोटभर, जी कुंडीखाली चिकटून बसते आणि दिवसा शोधून सापडत नाही. ही मोठी शंखवाली मूळची आपली नव्हेच. ती पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली बेन्सन नावाच्या एका शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानं ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि तिथल्या बागेत सोडून दिली. साहेबाची हौस झाली आणि पावणेदोनशे वर्षांनी हुपरीतल्या बाईचा घेवडा गेला.

दुसरी गोष्ट कळली ती जास्त घाबरवणारी. यांच्यात नर-मादी असा भेदच नसतो. एकाच अंगात दोन्ही. म्हणजे परड्यात जेवढ्या आहेत तेवढ्या सगळ्याच अंडी घालणार! तीही एका वेळी शंभर-दोनशे किंवा जास्तच. साबुदाण्यासारखी पांढरी-पिवळी अंडी, मातीत दोन-तीन बोटं खोल. उन्हाळ्यात शंखाचं तोंड बंद करून महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात आणि पहिल्या पावसाला उठतात. आपण म्हणतो, एकदम कुठनं आल्या? आलेल्या नसतात, इथंच असतात.

गेल्या वर्षी पुन्हा तशीच वेळ आली. लेक पुण्यात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मी डिंक-खारीक सगळं भरून ठेवलं होतं. पण तिचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. तारीख जुलैअखेरची. म्हणजे मीच जायचं, आणि तेही महिना-सव्वा महिना. आणि त्याच वर्षी, तीन वर्षं शोधल्यावर, भावाच्या माळ्यावरच्या एका गंजक्या डब्यात आईच्या घेवड्याचे एकोणीस दाणे सापडले होते. बी जुनं. आणखी वर्षभर ठेवलं तर उगवेल याचा नेम नाही. म्हणजे लावायचं तर याच पावसाळ्यात. लेक एकीकडं, घेवडा एकीकडं. लेकीपुढं घेवड्याची काय किंमत, असं तुम्ही म्हणाल. अगदी बरोबर. पण त्या एकोणीस दाण्यांत माझी आई होती, त्याला मी काय करू?

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून एकोणीस दाणे लावले. बारा उगवले. या बारांचं काय करायचं, यावर मी जेवढा विचार केला तेवढा लेकीच्या लग्नातही केला नसेल.

ओळखीतल्या एका कृषी सहायक ताईंना गाठलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही नसताना रोज राख कोण टाकणार?” इथंच सगळं आहे बघा. आपल्याला येणारे उपाय म्हणजे राख, चुना, तंबाखूची भुकटी, अंड्याची टरफलं. हे सगळे कोरडे असेपर्यंतच काम करतात. चुन्याचा चार बोटांचा पट्टा वाफ्याभोवती ओढला तर कोरड्यावर गोगलगाय सहसा येत नाही. पण आपल्याकडचा जुलैचा पाऊस! सकाळी टाकलेली राख दुपारी चिखल. टरफलांवर तर माझा आता मुळीच विश्वास राहिलेला नाही. इंग्लंडात रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी म्हणून बागकामाची जुनी संस्था आहे. तिनं २०१८ मध्ये टरफलं, खडी, तांब्याची पट्टी, लोकर असले घरगुती उपाय सॅलडच्या रोपांवर करून बघितले, तर उपाय केलेली आणि न केलेली रोपं सारखीच खाल्लेली निघाली.

मग विषारी गोळ्या? मेटाल्डिहाईड नावाच्या गोळ्या मिळतात. दोन गोळ्या टाका आणि निवांत जावा, असं मला एका दुकानात सांगण्यात आलं. निवांत कसली जाते! त्या गोळ्यांना आमिष लावलेलं असतं, ते कुत्र्यालाही आवडतं. गल्लीतली कुत्री, शेजारच्या कोंबड्या, रांगणारी पोरं, आणि परड्यात धड न दिसणारी आमची आत्ती. ब्रिटनमध्ये २०२२ पासून या गोळ्या उघड्यावर वापरायला बंदीच आहे. शेतात एकरांनी पीक जात असेल तर शेतकऱ्याचा इलाज नसतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण घराच्या मागच्या दाराला विष टाकून गावाला जायचं, हे माझ्या मनाला पटलं नाही.

ताई म्हणाल्या, “जायच्या आधीचे पंधरा दिवस तुमचे आहेत. तेवढ्यात जेवढ्या कमी करून जाल तेवढंच खरं.”

म्हणून सुरुवात केली. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवायचं. कोल्हापूरकडच्या बाईला गूळ कमी नाही! ते वाफ्यांच्या मध्ये पसरायचं, खाली पपईची दोन पानं टाकायची. पपईच्या पानावर या जीव टाकतात. पहाटे गोणपाट उलटलं की खाली सगळं संमेलन भरलेलं. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून उचलायच्या आणि साबण-मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. नंतर लांब खड्ड्यात पुरायच्या. हाताला पिशवी बांधायचीच हं, आणि पोरांना उघड्या हातानं धरू द्यायचं नाही. यांच्या अंगात उंदरांकडून आलेले एक प्रकारचे बारीक जंत असू शकतात आणि ते माणसाच्या पोटात गेले तर मेंदूला सूज येऊ शकते. त्यासाठीच परड्यातली पालेभाजी पाण्यात खळखळून धुवायची, आणि कच्ची कोथिंबीर तर दोनदा.

पहिल्या दिवशी सत्तेचाळीस निघाल्या. मी पाण्यात घालताना मनातल्या मनात माफी मागितली, खोटं कशाला सांगू? आपल्या घरी मुंगीलाही साखर घालतात.

पण आठ दिवस झाले तरी आकडा काही उतरेना. मग एका रात्री टॉर्च घेऊन बसले आणि बघितलं. सगळ्या एकाच बाजूनं येत होत्या. आमच्या आणि शेजारच्या वैनींच्या मधल्या भिंतीकडून. भिंतीपलीकडं त्यांच्या जुन्या घराची कौलं, दगड आणि कुजकी फळकुटं रचून ठेवलेली. त्यांच्यासाठी थंडगार, ओलं, अंधारं माहेरघरच ते!

आता अडचण अशी की या वैनींशी माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. सांडपाण्याच्या पाटावरून भांडण झालेलं. चूक कुणाची ते आता सांगत बसत नाही, अर्धी माझीही होती. हळदी-कुंकवालासुद्धा आम्ही एकमेकींच्या दारावरून पुढं जायचो. दोन दिवस मी कुंपणापर्यंत गेले आणि परत फिरले. तिसऱ्या दिवशी बारा रोपांकडं बघितलं आणि गेले.

वैनी सोप्यात पैंजणाच्या कड्या जोडत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, “या. काय वाट चुकलासा?”

मी सगळं सांगितलं. लेकीचं, आईचं, एकोणीस दाण्यांचं. बोलता बोलता रडू आलं, ते काही ठरवून आलं नव्हतं. वैनींनी चिमटा खाली ठेवला. “पोरीचं बीपी किती हाय?” हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, “कवा निघणार?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि त्यांच्या मुलानं ती कौलं हलवली. एका कौलाखाली साबुदाण्याच्या पुंजक्यासारखी अंडी, मातीत उकरलं तर आणखी. ती सगळी उन्हात आणि मग साबणाच्या पाण्यात. त्या एका दुपारनं जे झालं ते माझ्या आठ दिवसांच्या गोणपाटानं झालं नव्हतं. मैत्रिणींनो, परडं आपलं असतं पण गोगलगायींना भिंत कळत नाही, हे लक्षात ठेवा. कुंड्यांखाली, धुण्याच्या दगडाखाली, टाकीमागं, भिंतीच्या दोन्ही बाजूंना आधी बघा.

रोपांसाठी मात्र मी आईचीच युक्ती वापरली. पूर्वी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, मुंग्या चढू नयेत म्हणून. आठवतंय? तसंच पत्र्याच्या शेडखाली जुनं टेबल ठेवलं, चारी पाय मिठाच्या पाण्याच्या डब्यांत, त्यावर आठ रोपांच्या पिशव्या. मिठाचं पाणी एवढ्याचसाठी की साध्या पाण्यात डास होतात आणि मग गोगलगायीच्या जागी डेंगी. टेबल भिंतीला टेकता कामा नये आणि वेलाचं टोक खाली लोंबता कामा नये, नाहीतर यांना आयता जिनाच. उरलेली चार रोपं गुडघाभर वाढलेली, ती पिशवीत राहीनात. ती कुंपणाला लावली. कोवळं रोप एका रात्रीत जातं, दांडा जून झाला की थोडं खाल्लं तरी तगतं. वांगी-मिरचीची रोपं मी या वेळी लावलीच नाहीत. आपण नसताना कोवळं काही जमिनीत ठेवायचंच नाही, ती सगळी आल्यावर.

वैनींना एवढंच सांगितलं, उघडीप पडली तर पाणी सकाळी घाला, संध्याकाळी नको. संध्याकाळची ओली माती म्हणजे रात्रीच्या पाहुण्यांना सडा घातल्यासारखं.

पुण्याला गेले. लेकीचं सव्वीस जुलैला झालं, सिझर करावं लागलं, पण दोघी सुखरूप. नात झाली. दवाखान्यातल्या रात्री सगळ्या सारख्याच. पोरीचं बीपी, बाळाचं दूध, बाहेर सतत पाऊस. आणि पावसाचा आवाज आला की माझ्या डोळ्यांपुढं ते चकचकीत पट्टे. कुणाला सांगणार? जावई म्हणाले असते, आईंना काय सुचतंय!

लेकीला मात्र कळलं. पडल्या पडल्या तिनंच मोबाईलवर काय काय शोधलं. म्हणाली, “आई, अमेरिकेत ओरेगॉन स्टेट विद्यापीठात बघितलंय, पावाच्या आंबवलेल्या पिठाच्या वासानं गोगलगायी येतात.” मी लगेच वैनींना फोन लावला, की आंबोळीचं उरलेलं पीठ करवंटीत घालून मातीच्या कडेशी ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी वैनींचा फोन. “बारक्या बिनशंखाच्या चिक्कार आल्यात. पर रातच्याला कुत्र्यानं येऊन करवंटीच पळवली. त्येलाबी आंबोळी आवडती म्हणायची!” लेक हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली. टाके दुखले म्हणून परत रडली.

सव्वा महिन्यानं घरी आले. या वेळी आधी देवाला दिवा लावला, आत्तीच्या पाया पडले आणि मगच मागचं दार उघडलं. टेबलावरची आठही रोपं होती, एकमेकांत गुंतून वर पत्र्याला लागलेली. कुंपणावरच्या चारांपैकी एक मुळापासून गेलेलं, एकाची पानं चाळणीसारखी, पण शेंडा फुटत होता. दोन धड. मेथी गेलीच होती, तिची मला आशाही नव्हती. कुंपणात खाली एक भारद्वाज काहीतरी फोडून खात बसलेला. तो गोगलगायी खातो. बेडूक आणि काजव्याच्या अळ्याही खातात म्हणे. राधानगरीला काजवे बघायला आपण गाड्या करून जातो, पण ते असलं काम करतात हे मला ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात वैनी आल्या. हातात चांदीच्या हिशेबाची लाल वही. मला वाटलं मजुरीचं काही काढतात. त्यांनी मागचं पान उघडून दाखवलं. तारीख आणि पुढं आकडा, रोजच्या रोज. ३८, ४१, २९, ३३. एका ठिकाणी ‘पाऊस लई, बघाय गेलो नाही’. मग २२, १७, ११. रोज पहाटे पाचला उठून, कड्या जोडायच्या जुन्या चिमट्यानं एकेक उचलून त्यांनी हे केलं होतं.

“किती द्यायचे गं मला नगाला?” त्या हसत म्हणाल्या.

मी म्हटलं, “वैनी, दाणे देते. अर्धे.”

“आन् पाटाचं?”

पाटाचं आम्ही त्या दिवशी काढलं नाही. डिसेंबरात पहिल्या शेंगा वाळल्या, तेव्हा दोन मडकी घेऊन बसलो. त्यांच्या मडक्यात राख जरा जास्त पडली, म्हणून दाणे परत मोजावे लागले. एकशे सहा त्यांचे आणि एकशे चार माझे.